दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वाचा माग

सप्टेंबर २०१५. मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. पोळा कसाबसा पार पडला होता, गणपती तीन दिवसांवर आले होते आणि हिंगोलीकडच्या शेतकऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागले होते. त्या सोमवारी, १४ तारखेला, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी त्याच आभाळातून एक लहर आली आणि सबंध पृथ्वीतून आरपार निघून गेली. औंढ्याच्या देवळातून, कयाधूच्या कोरड्या पात्रातून, रानातल्या माणसांतून आणि बैलांतूनही गेली. कुणाला काही जाणवलं नाही, जाणवणं शक्यही नव्हतं.

अमेरिकेत मात्र ‘लायगो’च्या दोन यंत्रांनी तिची नोंद घेतली. एक लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला, दुसरं तिथून सुमारे तीन हजार किलोमीटरवर, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला. आधी लिव्हिंग्स्टनचं यंत्र थरथरलं, सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डचं. सगळा खेळ एक पंचमांश सेकंदाचा. त्याचा अर्थ लावायला शास्त्रज्ञांनी पाच महिने घेतले. १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली होती. एक सूर्याच्या ३६ पट, दुसरं २९ पट वस्तुमानाचं. उरलेलं विवर भरलं ६२ सूर्यांचं. बेरजेत कमी पडलेले तीन सूर्य लहरींच्या रूपानं विश्वभर पसरले होते. ऐन विलीनीकरणाच्या क्षणी दृश्य विश्वातले सगळे तारे मिळून जितकी ऊर्जा प्रकाशातून फेकतात, तिच्या पन्नासपट वेगानं ही ऊर्जा बाहेर पडत होती. आणि एवढ्या उत्पाताचा पृथ्वीवरचा परिणाम? चार किलोमीटर लांबीच्या नळीची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी कमी.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर झाला. १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातही असं यंत्र उभारण्याच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. सहा दिवसांत! सरकारी फायलींचा स्वभाव जाणणाऱ्यांना यातलं आश्चर्य कृष्णविवरांच्या आश्चर्याहून फारसं कमी वाटलं नसेल. अर्थात ही फाईल त्या सहा दिवसांत उगवलेली नव्हती. तिची मुळं पुण्याच्या गणेशखिंडीत, पंचवीस वर्षं मागे होती.

आइन्स्टाइननं १९१६ साली कागदावर दाखवलं होतं की जड वस्तू वेगानं हलल्या, तर अवकाशकाळात लहरी उठतात. त्या इतक्या क्षीण असतात, की त्या कधी मोजता येतील यावर फारशा कुणाचा विश्वास नव्हता. १९६९ साली जोसेफ वेबर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं ॲल्युमिनियमच्या जाडजूड दंडगोलांवर त्या पकडल्याचा दावा केला. इतरांनी तसेच दंडगोल उभारून पाहिले, हाती काही आलं नाही. वेबरचा दावा विरला, पण त्यामुळे प्रश्न प्रयोगशाळेत आला. एमआयटीतल्या रायनर वाइसनं १९७२ मध्ये वेगळी रचना मांडली : काटकोनात दोन लांब नळ्या, त्यांत लेझरचा झोत, टोकाला आरसे. लहर आली की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो. परतणाऱ्या दोन झोतांचा मेळ बिघडतो, आणि तो बिघाड मोजायचा. आजचं लायगो हे त्याच कल्पनेचं अजस्र रूप आहे.

पण यंत्र हा अर्धाच भाग झाला. यंत्रात सतत गोंगाट असतो. जमिनीची थरथर, समुद्राच्या लाटांचे धक्के, आरशांच्या अणूंची स्वतःची हालचाल. या गोंगाटात खरी लहर दडलेली असेल, तर ती ओळखायची कशी? इथे पुण्याचा प्रवेश होतो.

१९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था सुरू झाली. संस्थापक संचालक जयंत नारळीकर. मराठी वाचकांना त्यांचं नाव त्याआधीच ठाऊक होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ अशा टोपणनावानं त्यांनी एक कथा पाठवली आणि ती पहिली आली. कथेचं नाव होतं ‘कृष्णविवर’. नारळीकर महास्फोटाच्या सिद्धान्ताला अखेरपर्यंत शरण गेले नाहीत. पण आपल्या मतांचं कुंपण त्यांनी संस्थेभोवती घातलं नाही, आणि त्यांच्या आयुकाचं मोठेपण यात बरंच आहे. जिथे संचालकच प्रस्थापित मताला प्रश्न विचारतो, तिथे एखाद्या तरुणानं ज्याची अजून चाहूलही लागलेली नाही अशा लहरीवर वर्षानुवर्षं गणित करत बसावं, यात कुणाला वावगं वाटत नाही.

संजीव धुरंधर अशा गणिताला बसले होते. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा समजायला औंढ्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत जावं. हजारोंचा गलका, भोंगे, पिपाण्या. त्यातही आईला हरवलेल्या लेकराची हाक ऐकू येते, कारण ती हाक कशी असेल हे तिला आधीच ठाऊक असतं. दोन जड तारे किंवा विवरं जवळ येताना जी लहर सोडतात, तिची पट्टी आणि जोर ठरावीक रीतीनं चढत जातो, आणि तो कसा चढेल हे दोघांच्या वस्तुमानांवर ठरतं. मग वेगवेगळ्या वस्तुमानांच्या जोड्यांसाठी लहरींचे नमुने आधीच तयार ठेवायचे आणि यंत्राच्या नोंदीशी एकेक करून ताडून पाहायचे. प्रश्न असा की नमुने किती ठेवायचे, आणि किती अंतराअंतरानं? फार विरळ ठेवले तर लहर दोन नमुन्यांच्या मधून निसटते. फार दाट ठेवले तर संगणक दमतो. धुरंधर–सत्यप्रकाश यांनी या निवडीची पद्धत बसवली. दशकभरानं अर्चना पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांनी तिचा पुढचा टप्पा गाठला : जगभर विखुरलेल्या अनेक यंत्रांच्या नोंदी एकत्र विणून एकाच यंत्रासारख्या कशा वाचायच्या. जगात त्या वेळी असं जाळं नव्हतंच.

बंगळुरूच्या शास्त्रज्ञांची कामगिरीही याच तोलाची. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणितानं दाखवलं की धक्का बसलेलं कृष्णविवर ठरावीक सूर काढत शांत होतं, आणि त्या सुरांतून त्याचं वस्तुमान ओळखता येतं. बाला अय्यर यांनी फ्रेंच आणि अमेरिकी सहकाऱ्यांसह लहरीचा आकार अधिकाधिक अचूक काढण्याचं किचकट गणित केलं. २०१५ ची लहर सापडली तेव्हा शोधनिबंधावर भारतीय संस्थांतल्या तीसहून अधिक संशोधकांची नावं होती ती या पायावर. शोधाच्या बातम्यांत या जुन्या निबंधांना एखादी ओळ मिळाली. खरं तर औंढ्याजवळ उभ्या राहायच्या भारतीय यंत्राच्या कहाणीतली पहिली कुदळ तीच.

गुरुत्वाच्या मागे एवढं लागायचं कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी पुण्याहून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवरच्या खोडदला जावं लागतं.

ग्रह सूर्यापासून जितका दूर तितका मंद. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर पळतो, नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकांतही असंच असायला हवं होतं, कारण तिथलं बहुतेक तेज मध्याशी एकवटलेलं असतं. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतल्या वायूचे वेग मोजले. दूर गेलं तरी वेग उतरेना. पुढच्या दशकभरात दीर्घिकेमागून दीर्घिका तपासली गेली, आणि सगळीकडे तेच. एवढ्या वेगानं पळणारा वायू दीर्घिकेबाहेर भिरकावला जायला हवा होता. तो जात नाही याचा अर्थ त्याला धरून ठेवणारं आणखी काहीतरी तिथे आहे, जे प्रकाश देत नाही, अडवत नाही, आणि फक्त ओढतं. फ्रिट्झ झ्विकी या तिरसट स्वभावाच्या शास्त्रज्ञानं १९३३ मध्येच कोमा दीर्घिकासमूहाबद्दल हे म्हटलं होतं. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आजच्या हिशेबानं विश्वातलं ओळखीचं द्रव्य, म्हणजे तारे, वायू, ग्रह, माणसं, हे सगळं मिळून पाच टक्के. कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के. बाकी सगळी कृष्णऊर्जा.

खोडदला गोविंद स्वरूप यांनी १९९० च्या दशकात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभा केला. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, २५ किलोमीटरवर पसरलेल्या. तबकडीचा पृष्ठभाग म्हणजे दोरखंडासारख्या तारांवर ताणलेली जाळी; त्यामुळे वाऱ्याला वाट मिळाली, वजन घटलं आणि खर्च आटोक्यात राहिला. जागाही हेरलेली होती, रेडिओ गोंगाटापासून दूर आणि डोंगरांच्या आडोशाला. उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या तरंगलांबीवर जो क्षीण रेडिओ संकेत देतो, तो इथे टिपता येतो. जिथे तारे संपतात तिथून पुढेही हा वायू पसरलेला असतो, म्हणून कृष्णद्रव्याच्या वजनासाठी तोच साक्षीदार धरतात.

आयेशा बेगम आणि जयराम चेंगालूर यांनी या दुर्बिणीनं अगदी फिकट बटू दीर्घिका तपासायला घेतल्या. त्यांतली एक, एनजीसी ३७४१, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर. डोळ्यांत भरावं असं तिच्यात काही नाही. २००५ मध्ये त्यांनी रशियन सहकारी इगोर कराचेंत्सेव यांच्यासह जाहीर केलं की या चिमुकल्या दीर्घिकेभोवती वायूची तबकडी आहे आणि ती ताऱ्यांच्या हद्दीच्या आठपट दूरवर पसरली आहे. वायूच्या वेगावरून वजन काढलं, तेव्हा एका सूर्याइतक्या उजेडामागे शंभराहून अधिक सूर्यांचं वस्तुमान निघालं. ज्ञात असलेल्या अतिशय ‘अंधाऱ्या’ दीर्घिकांत तिची गणना झाली. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षबागांमधून विश्वातल्या अंधाराचं वजन करण्यात आलं होतं.

दीर्घिका मुळात घडतात त्याही याच अंधाराच्या आधारानं. आरंभीच्या विश्वात द्रव्याच्या घनतेत लाखात एक भाग इतकाच चढउतार होता. साध्या द्रव्याला प्रकाशाचा दाब एकत्र येऊ देत नव्हता. कृष्णद्रव्याला प्रकाशाशी देणंघेणं नसल्यानं ते आधी गोळा होत गेलं, त्याचे प्रचंड गोल तयार झाले, आणि मागाहून साधा वायू त्यांच्या ओढीनं आत पडून त्याचे तारे झाले. आयुकाचे जयदीप बागची, तसंच शिशिर सांख्यायन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकासमूहांचा एक महासमूह शोधून त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिलं. इतक्या दूरच्या, म्हणजे इतक्या जुन्या काळात एवढी मोठी रचना घडली कशी, याचं उत्तरही पुन्हा त्या न दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीपाशी जातं.

म्हणजे विश्वाच्या बहुतांश भागाची खबर गुरुत्वाशिवाय दुसरं कुणी आणत नाही. खोडदला ती आडून मिळते, वायूच्या पळण्यावरून. गुरुत्वीय लहरी मोजणं म्हणजे मधला साक्षीदार वगळून थेट गुरुत्वालाच विचारणं.

भारतात असं यंत्र उभारण्याची योजना आधी भारताची नव्हतीच. अमेरिकेनं हॅनफर्डला एकाच जागी दोन यंत्रं ठेवायची ठरवलं होतं. त्यांतलं एक तिथून हलवून जगाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, तर आकाशात लहरीची दिशा फार चांगली सापडेल, हे गणित पुढे आल्यावर पहिला प्रस्ताव ऑस्ट्रेलियाला गेला. पर्थजवळची जिंजिन ही जागा तयार होती. ऑक्टोबर २०११ पर्यंत पैशाची सोय करायची होती, ती ऑस्ट्रेलियाला जमली नाही. इकडे २००९ मध्ये बाला अय्यर, तरुण सौरदीप, सी. एस. उन्नीकृष्णन, धुरंधर आदींनी ‘इंडिगो’ नावाचा गट बांधला होता. तो दार ठोठावायला तयारच होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळानं ऑगस्ट २०१२ मध्ये यंत्र भारतात न्यायला अनुमती दिली. हॅनफर्डच्या त्या दुसऱ्या यंत्राचे भाग, म्हणजे आरसे, झुलते आधार, लेझर, बांधून ठेवण्यात आले.

मग जागेचा शोध. चार चार किलोमीटरच्या दोन बाहूंना काटकोनात सामावून घेईल अशी सपाट जमीन हवी. सपाट म्हणजे खरोखर सपाट : चार किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाईच मीटरभराहून जास्त खाली उतरते, आणि लेझर मात्र नाकासमोर सरळ जातो. ती जागा समुद्रापासून लांब हवी, कारण किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांची थरथर खंडभर पोचते. रेल्वे, महामार्ग, खाणी, कारखाने दूर असावेत; पण शास्त्रज्ञांना यायला विमानतळ आणि शहरं आवाक्यात असावीत. वेगवेगळ्या राज्यांत पाहणी झाली, भूकंपमापकं ठेवून महिनोन्‌महिने जमिनीची कुजबुज नोंदवली गेली. अखेर बोट टेकलं ते हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यावर, दुधाळा गावाच्या शिवारावर.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. वसमतची बाजारपेठ हळदीवर चालते. नरसी हे नामदेवांचं गाव इथलंच. औंढ्याचं नागनाथ हे ज्योतिर्लिंग मानलं जातं. खरं नागेश औंढ्याचं की द्वारकेजवळचं, हा वाद जुना आहे आणि औंढेकर त्यात माघार घेणार नाहीत. नामदेवांना कीर्तनासाठी देवळासमोरून उठवलं, ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा सांगतात, आणि इथला नंदी देवळाच्या मागे आहे तो दाखवतात. मोठे कारखाने नाहीत, मोठं शहर नाही. विकासाच्या प्रत्येक यादीत जे उणं म्हणून मांडलं जायचं, लायगोच्या यादीत नेमकं तेच गुण ठरलं.

आत बसणारं यंत्र मात्र साधंसुधं नाही. नळ्यांचा व्यास सव्वा मीटरच्या आसपास, आणि त्यांतली हवा इतकी काढायची, की वातावरणाच्या दाबाचा लाखकोटीवा भाग उरावा. आरसे प्रत्येकी ४० किलोचे, अतिशुद्ध सिलिकाचे, काचेच्याच धाग्यांवर टांगलेले. लेझरचा झोत दोन आरशांत सुमारे तीनशे वेळा ये-जा करतो, त्यामुळे चार किलोमीटरचा बाहू बाराशे किलोमीटरसारखा वागतो. हॅनफर्डला एकदा नोंदींत एक विचित्र टकटक दिसू लागली. शोध घेतला तर बाहेरच्या थंड नळीवर जमलेल्या बर्फाला डोमकावळे चोच मारत होते, तहान भागवायला. औंढ्याची अडचण वेगळी आहे. इथली काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा जमिनीत सरळ रेषेत काही ठेवायचं तर पाया खाली बेसाल्टपर्यंत न्यावा लागतो.

२०१६ ची तत्त्वतः मंजुरी सहा दिवसांत आली, पक्की मंजुरी यायला सात वर्षं लागली. ३१ मार्च २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये पंतप्रधानांच्या उपस्थितीत सामंजस्य करार झाला. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची मुंबईतली बांधकाम शाखा, अशी कामाची वाटणी झाली. जमीन ताब्यात येत गेली, मोजण्या झाल्या. निधीचा निर्णय मात्र ६ एप्रिल २०२३ ला आला : २,६०० कोटी रुपये, २०३० चं लक्ष्य. ११ मे २०२३ ला दिल्लीच्या प्रगती मैदानावरून दूरस्थ पद्धतीनं पायाभरणी झाली. या सात वर्षांत दोन्ही अमेरिकी यंत्रं आणि इटलीतलं व्हर्गो यांनी मिळून लहरींच्या नोंदी एकवरून नव्वदपर्यंत नेल्या. जुन्या गणितात अव्वल असलेल्या देशानं हा काळ पाहुण्यांच्या ओसरीवर बसून काढला, असं म्हणणं कडवट वाटेल, पण चुकीचं ठरणार नाही.

आणि नेमक्या याच काळात कृष्णद्रव्याचा प्रश्न लहरींशी येऊन भिडला.

२०१६ च्या घोषणेनंतर काही आठवड्यांतच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सिमियन बर्ड आणि सहकाऱ्यांनी विचारलं : लायगोला सापडलेली ही तीस-तीस सूर्यांची विवरं म्हणजेच तर कृष्णद्रव्य नव्हे? ताऱ्यांपासून न घडता विश्वाच्या आरंभीच तयार झालेली असंख्य विवरं दीर्घिकांभोवती घोंघावत असतील, तर ती दिसणार नाहीत आणि ओढ मात्र लावतील. कल्पना आकर्षक होती. पुढच्या निरीक्षणांनी तिला बरंच आक्रसवलं; सगळंच कृष्णद्रव्य अशा विवरांचं असणं अवघड दिसतं, थोडा वाटा असू शकतो. कसोटी सोपी सांगता येते. सूर्याहून हलकं कृष्णविवर ताऱ्याच्या मरणातून घडत नाही. तसं एक जरी निर्विवाद सापडलं, तरी आरंभकाळच्या विवरांचा पुरावा हाती येईल.

दुसरा धक्का १७ ऑगस्ट २०१७ चा. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. आधी गुरुत्वीय लहर आली, १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत. भारताचा ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह त्या क्षणी पृथ्वीच्या आड होता, आणि त्याला झोत दिसला नाही याचाही दिशा ठरवायला उपयोग झाला. पुढचे कित्येक महिने खोडदच्या तबकड्या त्या स्फोटाची रेडिओ धग मोजत राहिल्या.

त्या १.७ सेकंदांनी एक मोठा वाद निकालात काढला. कृष्णद्रव्य वगैरे काही नाही, न्यूटन-आइन्स्टाइनचे नियमच मोठ्या अंतरावर थोडे वेगळे आहेत, असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत, आणि ते हलक्यात घेण्यासारखे नाहीत. त्यांच्या काही सिद्धान्तांत प्रकाश आणि गुरुत्वीय लहर वेगवेगळ्या वाटांनी येतात : प्रकाशाला वाटेत कृष्णद्रव्य असल्यासारखा उशीर होतो, लहरीला होत नाही. आयआयटी हैदराबादचे शंतनू देसाई आणि तीन सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. तसं असतं तर दोघांच्या येण्यात शेकडो दिवसांचं अंतर पडायला हवं होतं. प्रत्यक्षात पडलं दोन सेकंदांहूनही कमी. त्या प्रकारचे सिद्धान्त एका दिवसात मोडीत निघाले. पर्यायी नियम मांडणारे सगळेच बाद झाले नाहीत. पण त्यांना नवी मांडणी करावी लागली.

स्फोटाची दीर्घिका सापडली ती तिसऱ्या यंत्रामुळे, व्हर्गोमुळे. तीनच दिवस आधी, १४ ऑगस्टला, आलेल्या लहरीची दिशा फक्त दोन अमेरिकी यंत्रांवरून काढली, तर आकाशाचा १,१६० चौरस अंशांचा पट्टा निघत होता. व्हर्गोची नोंद जोडताच तो ६० वर आला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात एक पंचमांश चौरस अंश व्यापतो, हे लक्षात घेतलं म्हणजे १,१६० अंशांत दुर्बिणीनं काय शोधावं याची कल्पना येते. औंढ्याचं यंत्र या जाळ्यात आलं, की अनेक लहरींसाठी ही जागा आणखी पाच ते दहा पटींनी आवळेल असा अंदाज आहे. स्फोट कुठल्या दीर्घिकेत झाला हे कळलं, की वाटेतल्या दीर्घिकांच्या कृष्णद्रव्यानं लहर वाकवली का, तिचे दोन प्रतिध्वनी आले का, हे प्रश्नही विचारता येतील.

हिंगोलीत मात्र लोकांचे प्रश्न निराळे आहेत. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत गेली काही वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. पत्रे थरथरतात, माणसं रात्री अंगणात येऊन बसतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, काही मिनिटांत ३.६ चा. १० जुलैला सकाळी सव्वासातला पुन्हा ४.५, आणि तो नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. मराठवाड्याला भूकंप म्हटलं की किल्लारी आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत तो सगळा पट्टा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. त्यामुळे शांत जमीन म्हणून निवडलेल्या जिल्ह्यात जमीन बोलू लागली, तेव्हा दुधाळ्याचं काय होणार, ही शंका पारावर निघणं स्वाभाविकच होतं.

तिचं उत्तर दोन भागांत आहे. अशी यंत्रं भूकंपानं थांबतातच. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही मोठा धक्का बसला, की आरशांचा मेळ सुटतो आणि तो पुन्हा बसवायला वेळ जातो. हा रोजच्या कामाचा भाग आहे. रोजची थरथर किती कमी, यावर जागा ठरते, आणि त्या कसोटीला औंढा उतरतं. पण जवळचा मोठा धक्का ही वेगळी गोष्ट. जपाननं कामिओका खाणीत जमिनीखाली बांधलेल्या काग्रा यंत्राला १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानं असं हादरवलं, की दुरुस्ती करून ते पुन्हा निरीक्षणाला लागायला जून २०२५ उजाडला. म्हणजे पांगरा शिंदेच्या लोकांना आपल्या पायाखाली काय चाललंय हे जाणून घ्यायचंय, आणि लायगोच्या अभियंत्यांनाही. दोघांची गरज एकच आहे : जिल्ह्यात दाट पसरलेली भूकंपमापकं आणि त्यांच्या नोंदी लोकांना समजतील अशा भाषेत. विज्ञानाच्या मोठ्या प्रकल्पांनी गावाला शाळाभेटी आणि माहितीफलक देण्यापेक्षा हे आधी दिलेलं बरं.

नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला लायगोनं १४ जानेवारीला आलेल्या एका लहरीचा तपशील जाहीर केला. २०१५ च्या लहरीशी तिचं बरंच साम्य होतं, पण दहा वर्षांत यंत्रं इतकी सुधारली होती, की ती कितीतरी स्वच्छ उमटली. दोन विवरं एक झाल्यावर उरलेल्या विवराचे एकापेक्षा अधिक सूर तिच्यात वेगळे ओळखता आले, विश्वेश्वरांनी पंचावन्न वर्षांपूर्वी गणितात पाहिलेले. विलीन झालेल्या विवराचं क्षेत्रफळ मूळ दोघांच्या बेरजेहून कमी होत नाही, हे स्टीफन हॉकिंगचं म्हणणंही त्यातून पडताळलं गेलं. आजवरची सर्वांत सुस्पष्ट लहर. ती आली त्या क्षणी व्हर्गोची देखभाल चालली होती आणि काग्रा अजून बंद होतं, त्यामुळे तिची नोंद फक्त हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला झाली. दुधाळ्यासाठी राखून ठेवलेलं तिसरं लायगो तोवर उभंच राहिलं नव्हतं.